औषध शिरेतून की थेट पोटात? जानेवारी २००६ चे दोन शोधनिबंध

गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग, म्हणजे एंडोमेट्रियल कॅन्सर, पुढच्या टप्प्यात गेला की उदरपोकळीत पसरू शकतो. मग केमो शिरेतून देण्याऐवजी थेट पोटातच का सोडू नये? प्रश्न साधा वाटतो. पण त्यामागचा इतिहास संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी एकदा नीट वाचावा असा आहे.

या कल्पनेचं गणित १९७८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट डेड्रिक आणि सहकाऱ्यांनी मांडलं. उदरपोकळीतलं औषध रक्तात सावकाश उतरतं, रक्तातून मात्र ते लवकर बाहेर टाकलं जातं. म्हणजे काय, तर पोटात औषधाचं प्रमाण रक्तापेक्षा कितीतरी जास्त ठेवता येतं. अडचण एवढीच, की औषध गाठीत फक्त काही मिलिमीटर शिरतं. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर अगदी थोडा आजार उरला असेल तरच उपयोग.

याची मोठी परीक्षा झाली ती अंडाशयाच्या कर्करोगात, कारण तो बराच काळ पोटातच राहतो. जानेवारी २००६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ‘जीओजी १७२’ चाचणी छापून आली. पोटातून केमो घेतलेल्या गटाचं मध्यक आयुष्य ६५.६ महिने, फक्त शिरेतून घेतलेल्यांचं ४९.७ महिने. मोठाच फरक!

त्याच महिन्यात ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’मध्ये ‘जीओजी १२२’ आली. ही एंडोमेट्रियल कॅन्सरच्या तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या स्त्रियांवरची. एका गटाला पूर्ण पोटावर रेडिएशन, दुसऱ्याला शिरेतून डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन. टप्प्यांचा फरक हिशेबात घेतल्यावर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण केमो गटात ५५ टक्के, रेडिएशन गटात ४२ टक्के.

आता मोह असा होतो: केमो जिंकली, पोटाचा मार्गही जिंकला, मग दोन्ही जोडा की! इथेच थांबायला हवं.

‘१७२’ मध्ये फक्त मार्ग बदलला नव्हता. सिस्प्लॅटिनचा डोस दर चौरस मीटरला ७५ ऐवजी १०० मिलिग्रॅम होता, शिवाय आठव्या दिवशी पॅक्लिटॅक्सेल जादा. मग श्रेय कुणाचं, मार्गाचं की डोसचं? पुढे ‘जीओजी २५२’ मध्ये पोटातला सिस्प्लॅटिनचा डोस ७५ वर आणला. २०१९ मध्ये निकाल छापला गेला, तेव्हा आजार परत वाढेपर्यंतच्या काळात फायदा दिसला नाही. अर्थात त्यात सगळ्यांनाच बेव्हॅसिझुमॅबही दिलं होतं, म्हणजे गुंता पुरता सुटला असं नाही.

त्यात ‘१२२’ चा धडा उलट दिशेचा आहे. एंडोमेट्रियल कॅन्सर लसिकाग्रंथी आणि रक्तावाटे पोटाबाहेरही जातो. पोटापुरता उपचार तिथे तोकडा पडतो. म्हणून अंडाशयाचा पुरावा या आजारासाठी उसना आणता येत नाही.

हा वाद कागदापुरता नाही. ‘१७२’ मध्ये पोटातून केमोच्या सहाही फेऱ्या पूर्ण करू शकल्या फक्त ४२ टक्के स्त्रिया. पोटदुखी, नळीच्या तक्रारी, हे सगळं त्यांनी सोसलं.

तेव्हा कुठलीही चाचणी वाचताना वहीत दोन रकाने आखा: गटांमध्ये काय-काय बदललं, आणि लेखक श्रेय कशाला देतात. पहिला रकाना दुसऱ्यापेक्षा लांब झाला, की तुमचा संशोधनप्रश्न बहुतेक तिथेच सापडेल.