धुक्यापुढे थबकणारी उष्णतेची नजर

१/ समुद्रपूरच्या नैर्ऋत्येस, वर्धा नदीपलीकडे राळेगावचे रान आहे. २०१८ मध्ये तेथे टी-१ उर्फ ‘अवनी’ वाघिणीच्या शोधासाठी थर्मल ड्रोनही आणले गेले. १३ मृत्यूंचा ठपका तिच्यावर होता. २ नोव्हेंबरच्या रात्री ती मारली गेली.

२/ या यंत्राचे मूळ १८०० सालचे. विल्यम हर्शेल यांनी वर्णपटाच्या तांबड्या टोकापलीकडे तापमापक ठेवला आणि पारा चढला. अदृश्य अवरक्त किरणांची ती पहिली खूण.

३/ असे बहुतेक कॅमेरे ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण टिपतात. अंधार त्यांना अडवत नाही. विरळ धुरकेही फारसे नाही. दाट धुक्यातील जलकण मात्र साधारण याच मापाचे असतात. ते किरण शोषतात, विखुरतात. वाघ आणि झुडूप यांतील तापमानभेद पडद्यावर पुसट होतो.

४/ पेच असा की जमीन निवलेली असल्याने पहाट शोधास उत्तम, आणि हिवाळी धुकेही पहाटेच दाटते. ते विरेपर्यंत थांबावे, तर उन्हाने जमीन तापू लागते.

५/ म्हणून धुक्यातला रिकामा पडदा म्हणजे रिकामे रान नव्हे. कापूस वेचायला निघालेल्यांच्या दृष्टीने हा भेद जिवाचा असतो.