काबूल एक तास मागे

काबूलचं घड्याळ आपल्या एक तास मागं चालतं. १५ ऑगस्ट २०२१च्या रविवारी सिन्नरला घरी बसून मी वहीच्या समासात दोन्हीकडच्या वेळा टिपत होतो. उरलेले तास मात्र नंतर मोजले.

सकाळी ६ (काबूल ५). उरले १० तास.
जलालाबाद तालिबानच्या हातात गेलं. लढाई झालीच नाही; लोक उठले तेव्हा शहरभर पांढरे झेंडे लागले होते. आदल्या दिवशी मझार-ए-शरीफ पडलं, त्याआधी कंदाहार, हेरात, गझनी. ही पडझड ६ ऑगस्टला झरंजपासून सुरू झाली. झरंज-देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता आपल्या सीमा सडक संघटनेनं बांधला, तो बांधताना आपलीही माणसं मारली गेली.

सकाळी ८ (काबूल ७). उरले ८ तास.
करोनामुळे शाळा बंद. झेंडावंदनाला दहा-बारा माणसं. तोफखान्यातून निवृत्त झालेले शेजारचे सुभेदार काका पदकं लावून आले होते. सलामीचा हात खाली आला आणि त्यांनी विचारलं, "जलालाबाद गेलं ना रे? मग काबूलला रसद कुठून येणार?"
मी गप्प.
"शिपाई पळाला, असंच म्हणतील. त्याच्याकडं गोळ्या किती होत्या, हे कोण विचारतंय!"

सकाळी १० (काबूल ९). उरले ६ तास.
काकांचा प्रश्न डोक्यातून जाईना. यादवीत अफगाणिस्तानचं जुनं लष्कर विखुरलं होतं. २००२ पासून नवं उभं करायला घेतलं. पश्तून, ताजिक, हजारा, उझबेक पोरं एका कंदकमध्ये आली. कंदक म्हणजे त्यांची पलटण. अफगाण सुरक्षा दलांवर अमेरिकेनं सुमारे ८८ अब्ज डॉलर खर्चले. पण बांधणी केली ती स्वतःच्या सवयीनं. आडबाजूच्या चौक्यांना पीठ आणि काडतुसं पोचवायची ती हेलिकॉप्टरनं. अफगाण मिस्त्र्यांचा हात रशियन एमआय-१७ वर बसलेला. त्या हेलिकॉप्टरांच्या जागी अमेरिकी ब्लॅक हॉक आणली, आणि ती दुरुस्त करायला परदेशी कंत्राटदार. २०२१च्या उन्हाळ्यात कंत्राटदार निघून गेले. जुलैच्या सुरुवातीला अमेरिकेनं बगरामचा तळ रातोरात रिकामा केला, तेही अफगाण सेनापतीला न सांगता.

हजेरीपटावर पोलिसांसकट तीन लाख नावं होती. त्यातली कित्येक माणसं नव्हतीच. त्यांचा पगार वरचे उचलत. जी खरोखर चौकीवर उभी होती, त्यांचा पगार थकलेला.

दुपारी १२ (काबूल ११). उरले ४ तास.
तालिबान काबूलच्या वेशीवर. बँकांपुढं रांगा.

मला दौलताबाद आठवत होतं. आपलं नव्हे, फर्याब प्रांतातलं. १६ जूनला तिथं कमांडोंची तुकडी वेढ्यात सापडली. दारूगोळा संपला, मागवलेली हवाई मदत आली नाही, २२ जण मारले गेले. मेजर सोहराब अझिमी त्यांच्यातच होता. आणि १६ ऑगस्टला अमेरिकेचे अध्यक्ष बायडेन म्हणणार होते की हे सैन्य काही ठिकाणी न लढताच कोसळलं. वीस वर्षांत सुमारे ६६ हजार अफगाण सैनिक आणि पोलिस मेले. त्यांच्याबद्दल असं बोललेलं मला सहन होत नाही.

दुपारी २ (काबूल १). उरले २ तास.
कंदाहारच्या आघाडीवरची एक बातमी मी कापून ठेवली होती. पोलिसांच्या तुकडीला दिवसभराचा शिधा म्हणून आलं काय, तर पुठ्ठ्याच्या खोक्यात बुळबुळीत झालेले बटाटे. सिन्नरच्या बाजारात असला माल कुणी ढोरांपुढंही टाकणार नाही. तो खाऊन त्या पोरांनी मोर्चा धरायचा होता.

१४ जानेवारी १७६१ला पानिपतावर अब्दालीसमोर आपलं सैन्य उपाशीपोटी उतरलं. त्यांना भेकड म्हणायची आपल्याकडं कुणाची छाती नाही. मग या अफगाण पोरांना कुठल्या तोंडानं म्हणायचं?

दुपारी ४ (काबूल ३).
अध्यक्ष अश्रफ घनी हेलिकॉप्टरनं निघून गेले. हेलमंदला लढत असलेल्या जनरल सामी सादात यांना काबूलला बोलावून शहराच्या रक्षणाची जबाबदारी दिली होती. त्यांना हुकूम द्यायलाही वेळ मिळाला नाही.

संध्याकाळी ७ (काबूल ६).
शाळेचा झेंडा उतरवून, घडी घालून पेटीत ठेवला. तासाभरानं एअर इंडियाचं विमान काबूलहून १२९ प्रवासी घेऊन दिल्लीत उतरलं.

रात्री ११ (काबूल १०).
घनींच्या टेबलामागं बंदुका घेतलेली माणसं टीव्हीवर दिसत होती. शनिवार-रविवार मिळून ४६ विमानं आणि हेलिकॉप्टरं घेऊन अफगाण सैनिक उझबेकिस्तानात उतरले.

काकांचा फोन आला. तेही जागेच होते.

"खडकवासल्याला त्यांची पोरं आहेत ना रे, एनडीएत? सत्र संपलं की घरी जातात ती. आता कुठं जायची?"