कमी उंचीच्या सायकलस्वाराने रोड बाइक निवडताना

प्रतिनिधी

तासाच्या भाड्याने आणलेल्या मोठ्या सायकलच्या आडव्या दांडीखालून पाय घालून, अर्धे पॅडल मारत सायकल शिकलेल्यांची एक पिढी महाराष्ट्रात आहे. सायकल मोठी आणि चालवणारा लहान, हे तेव्हा कुणाला खटकत नसे. याच पिढीतील अनेक जण, विशेषतः अनेक जणी, आता हौसेने रोड बाइक घ्यायला दुकानात जातात, तेव्हा नकळत तोच प्रकार पुन्हा घडतो. सायकल दिसायला देखणी असते, किंमत पन्नास हजारांच्या पुढे असते आणि दोन-तीन महिन्यांत मान आखडणे, तळहाताला मुंग्या येणे, खांदे भरून येणे सुरू होते. दोष आपल्या शरीराचा किंवा वयाचा आहे असे समजून सायकल बाल्कनीत उभी केली जाते. वास्तविक बहुतेक वेळा दोष मापाचा असतो.

भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पाच फूट आहे. रोड बाइकची घडण मात्र युरोपातील पुरुष शर्यतपटूच्या अंगकाठीवर ठरली. मधल्या मापाची सायकल आधी आखायची आणि तीच आक्रसून लहान माप करायचे, ही कारखान्यांची जुनी रीत. आक्रसताना एक गोष्ट मात्र तशीच राहते, ती म्हणजे चाक. सर्वत्र प्रचलित असलेल्या ७००सी चाकाच्या रिमवर टायर बसण्याच्या जागेचा व्यास ६२२ मि.मी. असतो आणि टायर धरून चाक ६७ सेंटिमीटरच्या आसपास जाते. फ्रेम आखूड केली, की हे चाक पॅडलच्या जवळ सरकते आणि वळताना बुटाचे टोक त्याला घासते. सावकाश वळण घेताना किंवा गर्दीत यू-टर्न मारताना हा धोका खरा ठरतो.

तो टाळण्यासाठी उत्पादक पुढचा चिमटा अधिक तिरका बसवतात. त्याने चाक पुढे जाते, पण हँडल जड आणि मंद वाटू लागते. दुसरी युक्ती अधिक फसवी आहे. सीटखालची नळी जास्त उभी केली, की आडव्या दांडीची लांबी कागदावर कमी दिसते. ग्राहक तक्ता पाहून समाधान पावतो. प्रत्यक्षात पॅडलच्या संदर्भात सीट योग्य जागी आणण्यासाठी ती मागे सरकवावी लागते आणि वाचलेली लांबी परत येते. कमी उंचीच्या स्वाराच्या सीटच्या पातळीवर नळीच्या कोनातील एका अंशाचा फरक म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर, हे लक्षात ठेवावे. म्हणूनच तक्त्यात दांडीपेक्षा ‘रीच’ आणि ‘स्टॅक’ हे दोन आकडे पाहावेत. पॅडलच्या धुरीच्या मध्यापासून हँडलखालच्या नळीचे वरचे टोक आडव्या अंतराने किती पुढे आहे तो रीच, आणि किती उंच आहे तो स्टॅक. सीटच्या कोनाने या आकड्यांत फेरफार करता येत नाही. एका कंपनीचे ‘स्मॉल’ दुसरीच्या ‘एक्स्ट्रा स्मॉल’पेक्षा लहान असू शकते, त्यामुळे नुसत्या अक्षरांवर विसंबण्यात अर्थ नाही.

चाकच लहान करावे, हा सरळ उपाय अमेरिकेतील जॉर्जिना टेरी या मेकॅनिकल इंजिनीअरने अमलात आणला. न्यूयॉर्क राज्यात १९८५ मध्ये त्यांनी स्त्रियांच्या सायकलींची कंपनी काढली. त्यांच्या लहान मापाच्या सायकलींना मागे ७००सी आणि पुढे २४ इंची चाक असे. पाहणाऱ्यांना ती विचित्र वाटे, पण फ्रेम खरोखर आखूड होई आणि बूटही चाकाला लागत नसे. अशा सायकलीला अधिकृत शर्यतीत मात्र स्थान नाही, कारण जागतिक संघटना यूसीआयच्या नियमानुसार दोन्ही चाके समान व्यासाची लागतात. पुढे काही कंपन्यांनी दोन्ही चाके ६५०सी, म्हणजे ५७१ मि.मी.ची दिली. १९९०च्या दशकात ट्रायथलॉनमध्ये ती लोकप्रिय होती. आज त्यांचे टायर मिळवणे जिकिरीचे असल्याने जुनी सायकल स्वस्तात मिळाली तरी दोनदा विचार करावा. ५८४ मि.मी.च्या ६५०बी चाकाचे टायर त्या मानाने सहज मिळतात. जर्मनीच्या कॅन्यनने २०१७ च्या सुमारास स्त्रियांसाठीच्या सर्वांत लहान मापांना हीच चाके दिली होती.

फ्रेम निवडण्याआधी स्वतःचे माप घ्यावे. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहावे, जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन पायांच्या मध्ये सीटसारखे घट्ट वर ओढावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. तीन वेळा टूर दि फ्रान्स जिंकणारे ग्रेग लेमाँड यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या सूत्रानुसार या अंतराला ०.८८३ ने गुणले, की धुरीपासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची येते. पायाचे माप ७० सेंटिमीटर असेल, तर सीट ६१.८ सेंटिमीटरवर. ही सुरुवात समजावी, नंतर चार-सहा मि.मी. इकडेतिकडे करावे लागतेच.

आपल्याकडे सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले म्हणजे सायकल मापाची, असे मानले जाते आणि काही विक्रेतेही तेच सांगतात. रोड बाइकच्या बाबतीत हे चूक आहे. एवढ्या खाली आणलेल्या सीटवर गुडघा पूर्ण उघडत नाही आणि काही आठवड्यांत तो कुरकुर करू लागतो. थांबताना सीटवरून पुढे उतरायचे असते. तेव्हा दांडी आणि शरीर यांत दोन-तीन सेंटिमीटर जागा उरली, की पुरे.

क्रँककडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. लहान फ्रेमलाही बरेचदा १७० मि.मी.ची क्रँक लावलेली असते. आखूड पायाच्या स्वाराचा गुडघा त्यामुळे दर फेरीला छातीकडे अधिक उचलला जातो. क्रँक ५ मि.मी. कमी करून सीट तेवढीच वर घेतली, तर वरच्या टोकाला नितंबाच्या सांध्याला १० मि.मी. मोकळीक मिळते. शिमानोच्या १६५ आणि १६० मि.मी.च्या क्रँक उपलब्ध आहेत. आखूड क्रँकने जोर कमी पडतो, ही समजूतही आता मागे पडली आहे. सुमारे १७६ सेंटिमीटर उंचीचा तादेज पोगाचार २०२४ मध्ये १६५ मि.मी.ची क्रँक वापरत होता. मग पाच फुटांच्या व्यक्तीला १७० का द्यावी, याचे उत्तर गोदामात तीच पडून असते, यापलीकडे काही नाही.

हँडल खांद्यांच्या रुंदीइतके असावे. कमी उंचीच्या व्यक्तीला बहुधा ३६ किंवा ३८ सेंटिमीटरचे लागते, पण सायकलीवर ४० किंवा ४२ चे आलेले असते. या बाबतीत शर्यतपटूंचीही सुटका नाही. सामूहिक रस्ता शर्यतींत हँडलची एकूण रुंदी १ जानेवारी २०२६ पासून किमान ४० सेंटिमीटर असावी, असे यूसीआयने २०२५ मध्ये जाहीर केले, तेव्हा लहान चणीच्या महिला सायकलपटूंनी नापसंती व्यक्त केली. हौशी स्वाराला हे बंधन नाही. स्टेम एक-दोन सेंटिमीटर आखूड लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय, पण फ्रेमच मोठी असेल तर तो मलमपट्टी ठरतो.

आराम पुढेमागे जमवता येईल, ब्रेकबाबत मात्र तडजोड नको. लहान बोटे लिव्हरपर्यंत नीट पोहोचत नसतील, तर बोर घाटात किंवा पसरणीच्या उतारावर केवळ बोटांच्या टोकांनी ब्रेक दाबत उतरावे लागते. बऱ्याच लिव्हरमध्ये त्या हँडलच्या जवळ आणणारा छोटा स्क्रू असतो. दुकानातून निघण्यापूर्वीच तो फिरवून घ्यावा आणि हँडलच्या खालच्या बाकावर हात ठेवून दोन बोटांनी पूर्ण ब्रेक लागतो का, ते पाहावे.

‘लेडीज’ अशी पाटी शोधत बसण्याची गरज नाही. स्पेशलाइज्डसारख्या कंपन्यांनीही अलीकडच्या वर्षांत स्त्री-पुरुषांसाठी एकच फ्रेम ठेवून सीट, हँडल आणि क्रँक बदलण्याचा मार्ग पत्करला आहे. त्यामुळे कमी उंचीच्या पुरुषांचाही फायदा झाला, त्यांची अडचण आजवर कुणी विचारातच घेतली नव्हती. खरेदीच्या वेळीच स्टेम, हँडल व क्रँक बदलून द्याल का, हे विचारावे. पैसे भरण्यापूर्वी अनेक दुकानदार किरकोळ फरक घेऊन तयार होतात, नंतर प्रत्येक सुट्या भागाची पूर्ण किंमत मोजावी लागते. चालवून पाहताना गल्लीतील एक चक्कर पुरेशी नाही. निदान अर्धा तास चालवावी, आणि कोपरे ताठ होत असतील किंवा वारंवार सीटच्या टोकाकडे सरकावे लागत असेल, तर एक माप लहान मागावे. ते दुकानात नसेल, तर मागवून घ्यावे. सवलतीच्या आमिषाने समोर उभी असलेली सायकल घेऊ नये.