लस एकच, पण प्रत्येकाच्या अंगी लागते का?

हेपॅटायटिस-बीचे तिन्ही डोस झाले, कार्डावर शिक्केही पडले, आणि रक्त तपासलं तर अँटीबॉडी नाहीत! असं झालं की आपल्याकडे दोनच शंका निघतात. लस बोगस असणार, नाहीतर माणूसच नाजूक. पण तिसरं कारणही असतं आणि ते समजायला विज्ञानाला पाव शतक लागलं.

सुरुवात १९६३ ची, न्यूयॉर्कची. बेनासेराफ नावाचे शास्त्रज्ञ गिनीपिगना एक साधा कृत्रिम पदार्थ टोचत होते. पदार्थ तोच, डोस तोच. तरी काही प्राण्यांच्या शरीराने जोरदार प्रतिसाद दिला, काहींनी दखलही घेतली नाही. पिढ्या तपासल्यावर दिसलं की हा गुण आईबापांकडून पिलांकडे जातो. त्याच सुमारास स्नेल उंदरांमध्ये आणि दोसे माणसांमध्ये, एकाचा अवयव दुसऱ्याचं शरीर का नाकारतं ते शोधत होते. सगळ्यांच्या वाटा जनुकांच्या एकाच पट्ट्याशी येऊन मिळाल्या. १९८० चं नोबेल तिघांना मिळून मिळालं.

माणसातल्या या जनुकांना एचएलए म्हणतात. त्यांचं काम सोपं करून सांगतो. पेशी विषाणूचे तुकडे करते आणि एचएलएच्या चिमटीत धरून टी-पेशीला दाखवते. तुकडा चिमटीत नीट बसला, तर टी-पेशी पुढे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींना कामाला लावते. ही चिमटी प्रत्येकाची वेगळी असते, अर्धी आईकडची, अर्धी बापाकडची.

हेपॅटायटिस-बीची लस अमेरिकेत १९८१ मध्ये आली. लवकरच लक्षात आलं की साधारण ५ ते १० टक्के निरोगी प्रौढांमध्ये पुरेशा अँटीबॉडी तयारच होत नाहीत. वय, लठ्ठपणा, धूम्रपान ही कारणं होतीच. पण १९८९ मध्ये बोस्टनच्या चेस्टर आल्पर यांच्या गटाने एचएलएचा एक ठरावीक संच आधी पाहिला आणि मग लस दिली. हा संच दोन्ही पालकांकडून मिळालेले पाच जण होते, त्यांतल्या चौघांचा प्रतिसाद अगदी क्षीण. एकाच पालकाकडून मिळालेले नऊ जण होते, त्या सगळ्यांचा प्रतिसाद चांगला.

कोविडमध्येही हेच दिसलं. ऑक्सफर्डची लस, म्हणजे आपल्या पुण्यात बनलेली कोविशील्ड जिच्यावरून आली ती. ब्रिटनमधल्या चाचण्यांत एचएलए-डीक्यूबी१*०६ हा प्रकार असणाऱ्यांमध्ये अँटीबॉडी जास्त आढळल्या. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

यावरून कुणी "मग लस घ्यायचीच कशाला" असा अर्थ काढू नये. बहुसंख्यांना ती लागू पडतेच. आणि सगळ्यांची चिमटी एकसारखी असती तर एखाद्या नव्या विषाणूने अख्खी वस्ती आडवी केली असती. हे वेगळेपण म्हणजे समाजाचा विमाच आहे.

प्रश्न आहे तो विम्याचा हप्ता भरणाऱ्यांचा. सिस्टर, लॅब टेक्निशियन, दवाखान्याचा कचरा उचलणारे सफाई कामगार यांना सुई कधीही टोचू शकते. त्यांच्यासाठी नियम साधा आहे. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर तपासायचं. ते १० च्या खाली असेल तर पुन्हा पूर्ण कोर्स द्यायचा. तरीही वाढलं नाही, तर आधीच संसर्ग नाही ना ते पाहायचं आणि त्या माणसाची नोंद ठेवायची. म्हणजे उद्या सुई टोचली तर तयार अँटीबॉडीचं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचं, इंजेक्शन शक्यतो २४ तासांच्या आत देता येईल.

तुमच्या गावातल्या दवाखान्यात, नगरपालिकेत, कंत्राटदाराकडे एवढं विचारा: लस दिली हे ठीक, पण टायटर तपासलं का? कार्डावरचा शिक्का लस टोचल्याचा असतो. ती अंगी लागली की नाही, ते रक्तच सांगतं.