शाळा सोडण्याचे कारण

तुमच्या घरी पत्र्याच्या पेटीत तळाशी एक जुना कागद जपून ठेवलेला असेल. शाळा सोडल्याचा दाखला. जमिनीच्या कामाला लागतो, जातीच्या दाखल्याला लागतो, म्हणून तो कोणी टाकून देत नाही. त्या कागदावर नाव असते, जन्मतारीख असते, इयत्ता असते आणि खालच्या बाजूला एक रकाना असतो, 'शाळा सोडण्याचे कारण'. हा रकाना सहसा कोणी वाचत नाही. आज मी तुमच्याशी त्या रकान्याविषयीच बोलणार आहे.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक विद्यार्थी आपल्या आजोबांचा दाखला घेऊन आला. आजोबांनी तिसरीतून शाळा सोडलेली, आणि कारणाच्या रकान्यात दोनच शब्द होते, 'सतत गैरहजर'. मी म्हटले, "घरी जा आणि आजोबांना विचार, गैरहजर का होता म्हणून." दुसऱ्या दिवशी तो उत्तर घेऊन आला. आजोबा म्हणाले होते, "अरे, गुरं कोण राखणार होतं?"

आता पाहा, 'सतत गैरहजर' हे काही कारण झाले नाही. तो परिणाम झाला. कारण होते ती गुरे, ते दारिद्र्य आणि दावणीपासून दूर असलेली ती शाळा. आपल्या खेड्यांतल्या शिक्षणाचा इतिहास म्हणजे कायद्यांची आणि समित्यांची जंत्री, असे आपल्याला वाटते. मला तो निराळा दिसतो. ज्या मोजक्या माणसांनी हा रकाना नीट वाचला आणि खरे कारण शोधून काढले, त्यांचा तो इतिहास आहे.

यांतले पहिले नाव महात्मा जोतीराव फुले यांचे. १८८२ साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला. त्याच्यापुढे जोतीरावांनी आपले निवेदन ठेवले. त्या वेळची परिस्थिती अशी होती. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयाला एक आणा जादा पट्टी बसवलेली होती. तिला लोकल फंड म्हणत. या पट्टीचा तिसरा हिस्सा शाळांसाठी असे. म्हणजे ज्या शेतकऱ्याला सोळा रुपये सारा, त्याने एक रुपया पट्टी द्यायची आणि त्यातले पाच आणे चार पै शाळेच्या नावाने जायचे. पैसा कुणब्याचा, पण शाळेत कुणब्याचे पोर किती? जोतीरावांचे दुखणे हेच होते. रयतेच्या कष्टाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयत अडाणीच राहते, असे त्यांनी सरकारला बजावले.

पण ते नुसती तक्रार करून थांबले नाहीत. शेतकऱ्याचे मूल शाळेत का येत नाही, हेही त्यांनी सांगितले. घरात दारिद्र्य आहे, गुरे वळायला आणि शेत राखायला मूल लागते. तेव्हा शाळा वाढवा, पण तेवढ्याने भागणार नाही. या मुलांना शिष्यवृत्त्या द्या, बक्षिसे द्या, म्हणजे आईबाप त्यांना धाडतील. बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले नेमा, नांगर धरायला न लाजणारे. ही सगळी मागणी १८८२ सालची आहे, हे ध्यानात ठेवा.

सक्तीची गोष्ट सरकारच्या गळी उतरायला फार वर्षे लागली. संस्थानिकांपैकी दोघांनी मात्र ती मनावर घेतली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला. इकडे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी मते घेतली तेव्हा बाजूने १३ आणि विरुद्ध ३८! बडोद्याला जे जमले, ते इंग्रज सरकारला परवडेना. १९१७ साली कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला.

कायद्याने दार उघडते. पण दारापर्यंत चालत कोण येणार, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधणारा माणूस याच कोल्हापूरच्या मातीतला. भाऊराव पाटील. जन्म १८८७ सालचा, कुंभोजचा. शिक्षणासाठी कोल्हापुरात असताना शाहू महाराजांचा सहवास त्यांना लाभला. पुढे किर्लोस्करांच्या नांगरांच्या कारखान्यात ते नोकरीला होते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ साली ती साताऱ्याला आणली.

भाऊरावांनी रकाना कसा वाचला? खेड्यात चौथीपुढे शाळा नाही. पुढे शिकायचे तर साताऱ्याला जायला हवे. तिथे राहायचे कुठे, जेवायचे काय? दलित मुलाला तर खोलीही कोणी देणार नाही. म्हणजे अडचण अभ्यासाची नव्हती, भाकरीची आणि छपराची होती. म्हणून भाऊरावांनी आधी वसतिगृह काढले. सगळ्या जातींची मुले एका ठिकाणी राहत, आपल्या हाताने स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. मुलांच्या पोटासाठी पैसा कमी पडला, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. साताऱ्याच्या त्या बोर्डिंगात जेवून जी मुले शिकली, त्यांच्या नातवंडांपैकी कोणी हे वाचत असेल, तर त्याने क्षणभर या बाईंची आठवण करावी.

मुलांनी फुकटचे खाऊ नये, असा भाऊरावांचा कटाक्ष होता. माळरान फोडून शेत करायचे, दगड फोडायचे, विहीर खणायची आणि त्या मजुरीवर शिकायचे. 'कमवा आणि शिका' ती हीच. शाळेत गेलेले पोर नांगराला हात लावत नाही, ही खेड्यातली जुनी तक्रार. ती भाऊरावांनी अशी निकालात काढली.

पण वसतिगृहात येऊन येऊन किती मुले येणार? ज्या गावात शाळाच नाही त्याचे काय? १९३७ नंतर प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि खाजगी प्रयत्नाने चालणाऱ्या, व्हॉलंटरी म्हणत त्या शाळांना अनुदान मिळू लागले. भाऊरावांनी संधी साधली. डोंगरकपारीतल्या, शाळा नसलेल्या गावांत त्यांनी अशा ५७८ शाळा उघडल्या. इमारतीची वाट पाहिली नाही. देऊळ होते, चावडी होती. शिक्षक कुठून आणायचे? त्याची तजवीज त्यांनी आधीच केली होती. १९३५ साली साताऱ्याला खेड्यांसाठी शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय त्यांनी काढले होते. म्हणजे जोतीरावांनी जसा गुरुजी मागितला होता, तसा गुरुजी आता तयार होऊ लागला. पुढे या शाळा त्यांनी स्कूल बोर्डाच्या हवाली केल्या. उभी केलेली वस्तू लोकांना देऊन टाकायची, हेही एक शिक्षणच म्हणायचे! १९५९ साली भाऊराव वारले. रयतेच्या शाळा आज राज्यभर आहेत.

आता साताऱ्याहून आपण उत्तरेला, समुद्राकाठी जाऊ. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांना साथ मिळाली अनुताई वाघ यांची. १९५७ साली हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या मधोमध गेले. तिथे शाळा होती, बाई होत्या, फी नव्हती. तरी मुले येत नव्हती. या दोघी पाड्यांवर फिरल्या तेव्हा कळले की सात-आठ वर्षांची पोर घरी थांबते ती धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन, कारण आईबाप कामाला गेलेले. थोडी मोठी मुले गुरांमागे गेलेली.

मग त्यांनी काय केले? धाकट्यांसाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी ठेवली. ताईने भावंडाला घेऊनच यायचे, त्याला पाळणाघरात ठेवायचे आणि आपण वर्गात बसायचे. तिचे नाव विकासवाडी. गुराख्यांचे काय? ती मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात गेली. गुरे चरताहेत आणि झाडाखाली अक्षरे गिरवली जाताहेत, अशी ती कुरणशाळा. साधने विकत आणायला पैसा नव्हता, म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने यांवरच मोजणी आणि रंगांची ओळख झाली. शिक्षकांनो, साहित्य नाही म्हणून आपण हात टेकतो ना, तेव्हा कोसबाडची ही टेकडी आठवावी. अर्थात, सरकारने साहित्य देऊ नये असा याचा अर्थ मुळीच नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारनेही पुष्कळ केले, हे न सांगितले तर अन्याय होईल. यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने १९५९ साली आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांना फी माफ केली. ई. बी. सी. म्हणून ती सवलत घरोघर माहीत झाली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९९५ साली केंद्राने शाळेतल्या आहाराची योजना आणली. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असा नियम झाला. १८८२ सालची जोतीरावांची मागणी पुरी व्हायला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लागला.

आणि आज? शाळा आहे, पुस्तके मिळतात, खिचडी शिजते. पण खेड्यातली माणसे पोटामागे शहराकडे चालली आहेत, जन्माचे प्रमाण उतरले आहे, आणि ज्याला परवडते तो मुलाला गाडीने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत धाडतो. वाडीवस्तीवरच्या शाळेचा पट घसरून वीसच्या खाली येतो. २०२३ साली राज्याच्या शिक्षण खात्याने अशा लहान शाळा एकत्र करून समूहशाळा करता येतील का, याचे प्रस्ताव मागवले. यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. आठ मुले आणि एक गुरुजी असतील, तर ना खेळ रंगतो ना वर्ग भरल्यासारखा वाटतो. मोठ्या शाळेत ग्रंथालय मिळेल, प्रयोगशाळा मिळेल, हे खरे. पण गाडी चुकली, ओढ्याला पूर आला, की आधी घरी कोण राहील? धाकट्याला सांभाळणारी ताई. आणि वर्षाअखेर तिच्या नावापुढे पुन्हा तेच दोन शब्द येतील, 'सतत गैरहजर'.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. एखादी शाळा बंद करायची की चालवायची, हा हिशेब नुसत्या पटावर करू नये. त्या आठ मुलांपैकी प्रत्येकाचे नाव घ्यावे, पावसाळ्यातली त्याची वाट चालून पाहावी, आणि मग ठरवावे. जोतीराव, भाऊराव, ताराबाई आणि अनुताई यांनी वेगळे काय केले? मूल येत नाही, तर दोष मुलाचा न मानता शाळेत काय बदलावे हे त्यांनी पाहिले.

शेवटी तुम्हाला एक काम सांगतो. शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर एक दिवस कपाटातून काढा. त्यातली जुनी नावे वाचा. त्यांतले काही जण अजून गावात पारावर बसलेले सापडतील. त्यांना विचारा, शाळा का सोडलीत? आणि ग्रामस्थ मंडळी, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेला केवळ सहीपुरते जाऊ नका. गेल्या महिन्यात कोणते मूल किती दिवस आले नाही, हे गुरुजींना विचारा, आणि सभा संपल्यावर तुमच्यापैकी दोघांनी त्या घरी जाऊन या. ऊसतोडीला जाणारे घर असेल, तर दसऱ्याच्या आधीच जा. मूल मागे ठेवता येईल का, आजीजवळ राहील का, हंगामी वसतिगृह सुरू होणार का, हे तेव्हाच ठरवावे लागते. बैलगाडी गावाबाहेर पडल्यावर विचारून उपयोग नसतो.

माझ्या त्या विद्यार्थ्याचे आजोबा आज हयात नाहीत. तो स्वतः एका वाडीवरच्या शाळेत शिक्षक झाला आहे. मागे भेटला तेव्हा म्हणाला, "सर, माझ्या हजेरीपटाशेजारी मी एक वही ठेवली आहे. पोरगं दोन दिवस आलं नाही, की तिसऱ्या दिवशी मी घरी जातो आणि कारण लिहून ठेवतो. 'गैरहजर' हा शब्द त्या वहीत मी लिहीत नाही."