मुरलीकांत पेटकर : शर्यत आणि त्यानंतरचें आयुष्य

पुणें-मुंबई रस्त्यावर पिंपरीच्या परिसरांत १९५० नंतर एकामागून एक कारखाने उभे राहिले, आणि शेताशिवारांचा तो पट्टा यंत्रांच्या घरघरीनें भरून गेला. टेल्कोचा मालमोटारींचा कारखाना त्यांतलाच. या कंपनींत नोकरी करणाऱ्या हजारों माणसांत एक गृहस्थ असे होते, कीं ज्यांच्या नांवावर पोहण्याचा जागतिक विक्रम लागलेला होता. मुरलीकांत पेटकर हें त्यांचें नांव.

पेटकरांचा जन्म १९४४ सालीं सांगली जिल्ह्यांतील पेठ या गांवीं झाला. कुस्तीच्या या मुलखांतून ते तरुण वयांतच सैन्यांत दाखल झाले आणि तेथें मुष्टियुद्धांत नांवारूपास आले. परंतु १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धांत त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यापाशीं रुतून राहिली व पायांतील बळ गेलें. मुष्टियोद्ध्याचें कौशल्य जितकें मुठींत, तितकेंच पायांच्या चपळाईंत असतें. तेव्हां त्या एका गोळीनें त्यांचा खेळच संपविला.

मुंबईच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयांत उपचार चालू असतां पोहणें हें त्यांना औषध म्हणून मिळालें. पाण्यांत देहाचा भार हलका होतो हें खरें. पण म्हणून तेथें दुबळे पाय आड येत नाहींत असें मात्र नाहीं. पायांनीं पाणी मागें सारतां आलें नाहीं, तर ते खालीं जातात व शरीर तिरपें होतें. तें सपाट राखणें आणि पुढें ओढणें अशीं दोन्ही कामें एकट्या खांद्यांना व हातांना करावीं लागतात. पेटकरांनीं हें औषध हळूहळू विद्येच्या पदवीस नेलें.

जखमी सैनिकांना खेळांतून उभें करण्याची ही कल्पना डॉ. लुडविग गटमन यांची. १९४८ सालीं लंडन ऑलिंपिक सुरू झालें त्याच दिवशीं त्यांनीं इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयांत सोळा जखमी सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. तिच्यांतूनच पुढें पॅरालिंपिक उदयास आलें. १९७२ च्या ऑगस्टमध्यें जर्मनींतील हायडलबर्ग येथें पेटकरांनीं ५० मीटर मुक्तशैलीची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली. तो जागतिक विक्रम ठरला, आणि पॅरालिंपिकमधील भारताचें तें पहिलें सुवर्णपदक होय.

एवढ्या मोठ्या यशानंतर आयुष्य मात्र चारचौघांसारखेंच पुढें चाललें. पदकानें घर चालत नाहीं. तें नोकरीनें चालतें, आणि ती टेल्कोनें दिली. मानाची गोष्ट निराळी. १९८२ सालीं अर्जुन पुरस्कारासाठीं त्यांनीं केलेली विनंती मान्य झाली नाहीं. पॅरालिंपिकमधील पुढचें सुवर्णपदक देशास मिळावयास २००४ साल उजाडलें. त्या वर्षीं अथेन्स येथें देवेंद्र झाझडिया यांनीं भालाफेंकींत तें मिळविलें. मधल्या बत्तीस वर्षांत, ज्या खेळांची चर्चाच फारशी होत नव्हती त्यांतील पहिला विजेता विस्मरणांत गेला, यांत नवल नाहीं. पण तें क्षम्यही नाहीं.

पुढें २०१८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४ सालीं त्यांच्या जीवनावर 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट निघाला, आणि २०२५ च्या जानेवारींत अर्जुन जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या हातीं आला. तेव्हां त्यांचें वय ऐंशी वर्षांचें होतें.

उशिरां आलेला मान हा मान नव्हे, असें म्हणणें अन्यायाचें होईल. तथापि ज्या वयांत त्या मानानें एखाद्या पंगू मुलास तलावाची वाट दाखविली असती, एखाद्या हताश बापाचा धीर बांधला असता, तें वय निघून गेलें होतें. पेटकरांनीं आपला वांटा हायडलबर्गला सदतीस सेकंदांत पुरा केला होता. समाजाला आपला वांटा उचलण्यास पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ लागला.