पर्वतीचं एक चित्र

वर्धा जिल्ह्यातल्या माझ्या गावाबाहेर एक अमराई होती. मी शाळेत असतानाच ती तुटली. तिचं चित्र कुणी काढलं नाही. म्हणून एका पुस्तकात पर्वतीचं जुनं चित्र पाहिलं, तेव्हा मला पुणेकरांचा हेवाच वाटला.

हे चित्र १७९० च्या दशकातलं. त्या काळी विलायतेतले चित्रकार सरदारांची उपवनं, तळी रंगवीत. चित्र पाहून मालकाचा दिमाख कळावा, हा त्यातला हिशेब. पुण्यात असा थाट पेशव्यांचा. नानासाहेबांनी पर्वतीवर देवदेवेश्वराचं मंदिर उभारलं, पायथ्याशी तळं करवलं, जवळच हिराबाग केली. तळ्यातल्या बेटावर १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी गणपतीचं देऊळ बांधलं.

पर्वती कागदावर उतरवली गंगाराम तांबट यांनी. तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडवणारे. इंग्रजांचा पुण्यातला वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी ते चित्रं काढीत. मॅलेट आणि जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या खटपटीनं, पेशव्यांच्या आश्रयानं, शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. तिथं गंगाराम तयार झाले. वेरूळची लेणीही त्यांनी रेखाटली. म्हणजे पर्वती पेशव्यांची, हौस इंग्रजाची आणि हात एका तांबटाचा. थोरामोठ्यांच्या इतिहासात कारागिराचं नाव सहसा हरवतं. इथं ते टिकलं.

चित्र मात्र आपल्याकडे राहिलं नाही. ते आता अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहे. पर्वती जागेवर आहे, गणपतीही आहे. पण त्याच्याभोवतीचं तळं १९६० च्या दशकात आटवलं गेलं. तिथं आज सारसबाग आहे. हिरवळीवर बसलेल्या किती जणांना ठाऊक असेल, की इथं एके काळी पाणी होतं?

आमच्या अमराईला ना पेशवा लाभला, ना गंगाराम. पण माझ्या नानीला तिथलं झाड न् झाड नावानं माहीत होतं: शेंद्र्या, खोबऱ्या, शेपू. झाड कुठं उभं होतं, तेही ती हातानं दाखवायची. मला चित्र काढता येत नाही. परवा नातीला जवळ बसवलं, वहीत नदी आखली आणि नानीनं सांगितलेल्या जागी एकेका झाडाचं नाव लिहिलं. दोन झाडांच्या जागा काही केल्या आठवेनात. आता विचारायचं कुणाला? तुमच्या घरात अजून कुणी सांगणारं असेल, तर आजच वही काढा.